ब्रश ठिबकतोय? आधी घड्याळ बघा

सेल्फ सर्व्हिस कार वॉशमध्ये फेसाचा ब्रश ठिबकायला लागला, की पहिला हात पान्याकडे जातो. मूठ खोलायची, वॉशर बदलायचा, टेफ्लॉन टेपचे चार वेढे जास्त द्यायचे. दुसऱ्या दिवशी ब्रशखाली तेवढंच डबकं असतं. पाणी ब्रशमधून पडतं खरं, पण दोष पुष्कळदा यंत्रांच्या खोलीत असतो. म्हणून ‘कुठून गळतंय’ हे विचारण्याआधी ‘केव्हा गळतंय’ हे विचारावं.

या यंत्रणेत एकीकडून साबणाचं द्रावण येतं, दुसरीकडून दाबाखालची हवा. दोन्ही एका नळकांड्यातल्या जाळीतून घुसळली जातात आणि तयार झालेला फेस वर टांगलेल्या फिरत्या दांड्यावरून, लांब नळीतून ब्रशपर्यंत येतो. गिऱ्हाइकाची वेळ संपली की सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप करणारी झडप, बंद होतो. नळीतला फेस मात्र तिथेच राहतो.

खरी गंमत इथे आहे. नळीत नुसतं पाणी असतं तर व्हॉल्व्ह बंद होताच प्रवाह जवळपास जागीच थांबला असता, कारण पाणी फारसं दाबलं जात नाही. फेसात बहुतांश हवा असते आणि दाबलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. समजा नळी 10 मीटर लांब आणि आतून 10 मिलिमीटर रुंद आहे. तिच्यात सुमारे 785 मिलिलिटर फेस मावतो. चालू असताना आतला सरासरी दाब बाहेरच्या हवेपेक्षा एक वातावरण जास्त, म्हणजे दुप्पट असेल, तर रॉबर्ट बॉइलने 1662 साली मांडलेल्या नियमाप्रमाणे दाब निम्मा होताच हवेचं आकारमान दुप्पट होतं. म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही जवळजवळ पाऊण लिटर फेस ब्रशमधून बाहेर यायला बघतो! त्यानंतर उरलेला फेस बसू लागतो. बुडबुड्यांच्या भिंतींतलं द्रावण झिरपत खाली येतं आणि ब्रश सगळ्यात खाली लटकलेला असल्यामुळे तिथून ठिबकतं.

तेव्हा पहिली काही मिनिटं पडणाऱ्या थेंबांना गळती म्हणू नये. ते फारच खटकत असतील तर हवेचा दाब कोणी वाढवून ठेवलाय का ते पाहावं, नाहीतर बंद होताना उरलेला दाब दुसऱ्या वाटेने सोडणारा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवावा. वॉशर बदलून बॉइलचा नियम बदलत नाही.

अर्ध्या तासानंतरही थेंब थांबत नसतील तर मात्र शोध घ्यायला हवा. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला चार लिटरच्या आसपास द्रावण जातं. एक सोपी चाचणी आहे. ब्रश द्रावणाच्या टाकीतल्या पातळीच्या वर बांधून ठेवा आणि वरच्या दांड्यातलं उरलंसुरलं निथळू द्या. थेंब थांबले, तर वक्रनलिकेसारखा (सायफनसारखा) प्रकार चालू आहे: टाकी उंच, ब्रश खाली, आणि मधला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने वाट देणारी स्प्रिंगची झडप, नीट मिटत नाही. पाण्याचा एक मीटर उंच स्तंभ साधारण 0.1 वातावरण इतकाच दाब देतो. व्हॉल्व्हची स्प्रिंग त्याहून कमी दाबाला उघडणारी असेल, किंवा दमून सैल पडली असेल, तर गुरुत्वाकर्षण रात्रभर टाकी उपसत बसतं.

ब्रश वर बांधूनही ठिबकणं चालूच राहिलं, तर द्रावण पंपाच्या दाबाने येतंय. सगळे ब्रश बंद असताना यंत्रांच्या खोलीत शांत उभे राहा. हवेवर चालणारा डायफ्राम पंप, म्हणजे पडदा हलवून द्रावण ढकलणारा पंप, दाब भरला की आपोआप थबकतो. तो मधूनच एखादा ठोका देत असेल, तर कुठून तरी द्रावण निसटतंय. हा ठोका ऐकायला कोणतंही उपकरण लागत नाही, तरी तो क्वचितच कोणी ऐकतं.

मग सोलेनॉइड व्हॉल्व्हकडे वळायचं. आतला रबरी पडदा सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, टेकला की वाट बंद होते. सीटवर क्षाराचा कण किंवा वाळलेला साबण अडकला तर थेंब थेंब गळतं. पुष्कळ व्हॉल्व्हमध्ये पडद्याला एक बारीक भोक असतं. त्यातून वर गेलेल्या द्रावणाचा दाबच पडदा मिटवून धरतो. ते भोक बुजलं तर व्हॉल्व्ह मिटतच नाही आणि थेंबांऐवजी धार लागते. खोलण्यापूर्वी वीज बंद करा, हवा आणि द्रावणाचा दाब सोडा. मात्र वीज बंद करताच गळती थांबली, तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे! व्हॉल्व्हला वीज देणारा सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद असतानाही किंचित प्रवाह झिरपू देतो आणि व्हॉल्व्हची छोटी कॉइल तेवढ्यावरही तो उघडा धरू शकते.

फक्त ब्रश चालू असतानाच गळत असेल, तर जोड पाहा. फिरत्या जोडातली ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) झिजली असेल. ती ईपीडीएम रबराची असेल तर तिला पेट्रोलियम ग्रीस लावू नये, ती फुगते. सिलिकॉन ग्रीस चालतं.

थेंबाचा आकारही काही सांगून जातो. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो, त्यामुळे त्याच तोंडातून पडणारा साबणी थेंब साध्या पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत नळ्या गोठू नयेत म्हणून काही ठिकाणी थोडं पाणी मुद्दाम वाहतं ठेवतात. अशा ठिकाणी रात्री ब्रशमधून मोठे, स्वच्छ थेंब पडताना दिसले, तर पाना खाली ठेवून आधी तापमापक बघावा.