एक्स-रे साफ, तरी मणक्यात सूज

‘एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे मणक्याला काही झालेलं नाही.’ अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या (मणक्याच्या सांध्यांना सूज आणून हळूहळू पाठ ताठ करणारा आजार) पेशंटला हे वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. ऐन पंचविशीत पहाटे पाठ धरते, उठून हिंडलं की मोकळी होते. मग कुणी ‘गॅप आलाय’ म्हणतं, कुणी तेल चोळून मणका ‘बसवून’ द्यायला निघतं. (आजार मुरून ताठ झालेला मणका अशा झटक्याने मोडूही शकतो.)

एक्स-रेत हाड दिसतं. सूज म्हणजे हाडाच्या आतल्या मगजात साचलेलं जादा पाणी. ते एक्स-रेला दिसत नाही. एमआरआयला दिसतं. पण मगजात चरबीही भरपूर, आणि नेहमीच्या बऱ्याच चित्रांत तीही उजळच येते.

म्हणून ‘स्टर’ नावाची युक्ती, आणि ती फार देखणी आहे. चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या केंद्रकांचं मिळून एक चुंबकत्व तयार होतं. रेडिओलहरींचा झटका देऊन ते १८० अंशांत उलटं करायचं. मग ते आपसूक सुलटं होऊ लागतं: उणे, शून्य, अधिक. चरबीतलं भराभर, पाण्यातलं रेंगाळत. शून्य ओलांडण्याचा क्षण त्या पदार्थाच्या टी-वन काळाच्या (चुंबकत्व किती भराभर सुलटं होतं हे सांगणारा काळ) ०.६९ पट असतो (हा २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, किरणोत्साराच्या अर्धायुष्यात भेटतो तोच). दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं माप) यंत्रात चरबी साधारण १५० ते १७० मिलिसेकंदांनी शून्यावर येते. नेमका तेव्हा पुढचा झटका द्यायचा. चरबीकडून संकेतच येत नाही, ती काळी पडते. पाणी अजून उणे बाजूलाच असतं, पण चित्रात चिन्ह धरत नाहीत, फक्त मूल्य धरतात. म्हणून सूज पांढरीशुभ्र उठून दिसते.

आता या सुजेची मोजणी. कॅनडातल्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेल्या ‘स्पार्क’ पद्धतीत मधली चकती आणि तिच्या वरखालचे अर्धे मणके मिळून एक एकक. अशा २३ एककांतली सर्वांत सुजलेली सहा घ्यायची. प्रत्येकाचे लागोपाठचे तीन छेद (एमआरआयमधली कापासारखी चित्रं), प्रत्येक छेदाचे चार भाग. सूज असेल त्या भागाला एक गुण. सूज फार उजळ असेल तर छेदाला आणखी एक, किमान एक सेंटिमीटर खोल असेल तर अजून एक. छेदाला सहा, एककाला १८, एकूण १०८. औषध लागू पडलं की हा आकडा उतरतो.

निदान मात्र एवढ्यावर होत नाही. धावपटूंच्या आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांच्या कंबरेच्या सांध्यातही स्टरवर असे पांढरे डाग दिसतात. तपासणीच्या पॅकेजमध्ये एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेलं जनुक) पॉझिटिव्ह आलं म्हणून धसका घेणाऱ्यांसाठी: असं जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.