टेम्परेचरचा काटा आणि ‘नॉर्मल’चा घोळ

जुन्या गाडीत इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवणारा वेगळा टेम्परेचर मीटर बसवायला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंपनीचा मीटर आहे ना, मग दुसरा कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र कंपनीच्या मीटरचं पुढे काय झालं, त्यात आहे.

१९१० च्या दशकात थर्मामीटर रेडिएटरच्या टोपणावरच उभा असे आणि चालक समोरच्या काचेतून तो वाचत असे. त्याचा बल्ब पाण्यात नसून पाण्यावरच्या वाफेत असे. पुढे बल्ब इंजिनाच्या पाण्यात गेला आणि मीटर डॅशबोर्डवर आला. बल्बमध्ये लगेच उडून जाणारा द्रव, तिथून निघालेली बारीक धातूची नळी आणि मीटरच्या आत दाबाने उलगडणारी वाकडी पोकळ नळी अशी ही रचना. त्या वाकड्या नळीचं पेटंट १८४९ चं, म्हणजे मोटारीच्याही आधीचं. आज ‘मेकॅनिकल’ म्हणून मिळतो तो मीटर हाच. त्याला वीज लागत नाही, पण नळी लांब झाली म्हणून कापता येत नाही, आणि मुरगळली तर मीटर गेला.

नंतर विजेवरचे मीटर आले. त्यांत इंजिनात बसणाऱ्या सेंडरचा, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या सेन्सरचा, विजेला होणारा रोध तापमान वाढेल तसा कमी होतो. एका प्रचलित सेंडरचा रोध ४० अंश सेल्सिअसला सुमारे २९० ओम असतो, १२० अंशाला सुमारे २२. म्हणून वायर तुटली तर काटा थंडाकडे पडून राहतो आणि वायर बॉडीला टेकली तर थेट गरमला जाऊन भिडतो. याच काळात बऱ्याच गाड्यांतून मीटर काढून नुसता लाल दिवा दिला गेला. दिवा लागतो तेव्हा इंजिन तापून झालेलं असतं. वेगळे मीटर लावायची गरज तेव्हापासूनच भासू लागली.

खरा वाद पुढचा आहे. मीटरवरचे आकडे जाऊन ‘सी’ (कोल्ड) आणि ‘एच’ (हॉट) ही दोन अक्षरं उरली, मध्ये ‘नॉर्मल’चा पट्टा आला. चढावर किंवा वाहतुकीत काटा थोडा सरकला की लोक घाबरून वर्कशॉपमध्ये येत. मग अनेक उत्पादकांनी, विशेषतः १९९० च्या दशकात, काटाच बांधून टाकला. साधारण ८० ते १०५ अंशांच्या दरम्यान पाण्याचं तापमान कितीही असो, काटा मधोमध. त्यांचं म्हणणं असं की या टप्प्यात चालकाने करण्यासारखं काही नसतं. नव्या, निरोगी गाडीपुरतं ते खरं आहे. पण अर्धवट चोंदलेला रेडिएटर आणि थकलेला वॉटर पंप घेऊन धावणाऱ्या गाडीत रोजचे ८८ अंश हळूहळू ९८ होणं, हीच तर खबर असते. ती दडवणं मला चूकच वाटते. बांधलेला काटा हलतो तेव्हा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) वाचवायला फार थोडा वेळ उरलेला असतो.

शिवाय ‘नॉर्मल’ म्हणजे एकच आकडा कधीच नव्हता. पाणी तापल्यावर त्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट; ७१ अंशाला उघडणारे थर्मोस्टॅट होते, ८२ चे होते, पुढे ९० च्या आसपासचे आले. दाब न धरणाऱ्या टोपणाखाली साधं पाणी १०० अंशाला उकळतं. सुमारे एक बार दाब धरणाऱ्या टोपणाखाली तेच पाणी १२० अंशांपर्यंत तग धरतं, कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहून थोडं अधिक. म्हणजे १०५ हा आकडा एका गाडीत धोक्याचा, दुसरीत रोजचा. म्हणून नवा मीटर बसवताना आपल्या गाडीचा थर्मोस्टॅट किती अंशांचा आणि टोपण किती दाबाचं, हे आधी बघावं.

या इतिहासाचे धागे बसवतानाही आडवे येतात. सेंडर आणि मीटर एकाच जोडीचे हवेत. जुन्या सेंडरला नवा मीटर जोडला तर आकडा खोटा, आणि एकाच सेंडरवर दोन्ही मीटर चालवले तर दोन्ही खोटे. १९६० च्या दशकातल्या काही गाड्यांत मीटरांना सुमारे १० व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर असतो. नव्या मीटरची वायर त्यातून न घेता थेट १२ व्होल्टवरून घ्यावी. सेंडरच्या ‘१/८ इंच’ आट्यांचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात सुमारे १० मिमी असतो. अमेरिकी मापात इंचाला २७ आटे, ब्रिटिश मापात २८, त्यामुळे एका मापाचा सेंडर दुसऱ्या मापाच्या भोकात सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो आणि पुढे आटे खराब होतात.

सेंडरची जागा शक्यतो हेडजवळची, थर्मोस्टॅटच्या आधीची. पाणी गळून गेलं तर कोरडा सेंडर कमी तापमान दाखवू शकतो, म्हणून तापत चाललेल्या गाडीत काटा अचानक खाली आला तर हायसं न वाटता आधी इंजिन बंद करावं. रबरी होजमध्ये अडॅप्टर टाकून सेंडर बसवला असेल तर त्याला बॉडीची अर्थिंग मिळत नाही. एका वायरचा सेंडर असेल तर अडॅप्टरपासून इंजिनापर्यंत वेगळी अर्थ वायर ओढावीच लागते.