गोल्डनरॉडच्या जाती कशा ओळखायच्या

गोल्डनरॉड म्हणजे सॉलिडॅगो वंशातली पिवळ्या तुऱ्याची रानफुलं, सूर्यफुलाच्या कुळातली आणि बहुतेक सगळी मूळची उत्तर अमेरिकेतली. जगभरात साधारण १०० ते १२० जाती धरतात. युरोपात मूळची अशी मुख्यतः एकच, सॉलिडॅगो व्हिरगॉरिया, आणि ती हिमालयातही सापडते. आपल्याकडे बुकेमध्ये गुलाबाच्या मागे बारीक पिवळ्या फुलांचा जो फिलर खोचलेला असतो तो बऱ्याचदा हाच, फक्त शेतात मुद्दाम लावलेला वाण.

ऑगस्ट ते ऑक्टोबर अमेरिकेच्या पूर्व भागात आणि कॅनडात हायवेच्या कडा, पडीक शेतं, सगळं पिवळंधमक होतं आणि नेमकी तिथेच गोची होते. लांबून सगळे तुरे सारखे दिसतात, जवळ गेलं तरी फूल एवढंसं, काही मिलिमीटरचं, पिवळ्यात पिवळं. त्यामुळे फुलाकडे बघत बसण्यात अर्थ नाही, खाली बघायचं: खोडावर लव आहे का, पानाला ठळक शिरा किती, मुळाशी मोठ्या पानांचा गुच्छ आहे का, आणि झाड उभं कुठे आहे. एवढ्यावर निम्म्या जाती तरी बाजूला पडतात.

आधी सोप्या घ्या. (पुढे नुसतं जातीचं नाव दिलंय, त्याच्या आधी सॉलिडॅगो धरून वाचायचं.) सावलीच्या जंगलात, फुलं शेंड्याला तुऱ्यात न येता पानांच्या बगलेत झुबक्याने आली असतील तर दोनच नावं मनात आणायची. खोड गोल, निळसर झाक, पानं अरुंद असतील तर सेसिया, आणि खोड नागमोडी, पानं चांगली रुंद आणि मोठ्या दातांची असतील तर फ्लेक्सिकॉलिस. फुलं चक्क पांढरी असली तर बायकलर, तिथे डोकं चालवायलाच नको. समुद्राकाठी जाड, मांसल, बिनदातेरी पानांची दिसली तर सेम्परव्हायरन्स. ही हल्ली समुद्रापासून लांबही दिसते कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि खारी माती हिला चालते. ओडोराचं पान चुरगळलं की बडीशेपेसारखा वास येतो आणि उजेडासमोर धरलं तर पारदर्शक ठिपके दिसतात. डेलावेअरने हिला १९९६ मध्ये राज्याची औषधी वनस्पती केलं. आणि तुरा वरून सपाट, पानं अगदी गवतासारखी अरुंद असतील तर ते बहुधा युथेमिया, जे पूर्वी सॉलिडॅगोतच धरायचे, आता वेगळा वंश मानतात.

मुळाशी मोठी पानं आणि वर जाताना पानं लहान लहान होत गेलेली, असं असेल तर जुन्सिया किंवा नेमोरॅलिस. जुन्सिया गुळगुळीत असते आणि सगळ्यांच्या आधी, जुलैतच फुलायला लागते. नेमोरॅलिस बुटकी, कोरड्या रेताड जमिनीतली, अंगभर बारीक राखाडी लव, तुरा एका बाजूला झुकलेला.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे कॅनडेन्सिस, अल्टिसिमा आणि जायगँटिया. तिघींना मुळाशी गुच्छ नाही, खोडभर जवळपास सारखीच पानं आणि प्रत्येक पानावर तीन ठळक शिरा, मधली एक आणि तिच्या दोन्ही बाजूंना समांतर जाणाऱ्या दोन. (तीनच्या ऐवजी शिरांचं जाळं आणि पान सुरकुतलेलं, खोड केसाळ असेल तर ती रुगोसा, तिला यात घुसवू नका.) जायगँटिया त्यातल्या त्यात सोपी: तुऱ्याच्या खालचं खोड पूर्ण गुळगुळीत आणि त्यावर द्राक्षावर असते तशी पांढुरकी पावडर, बोटाने पुसली जाते. उरलेल्या दोघींत अल्टिसिमाचं खोड खालपासून वरपर्यंत बारीक लवेचं, पान वरून खरखरीत, दाते कमी. कॅनडेन्सिसचं खोड खालच्या भागात जवळपास लवेशिवाय, वर लव, पानाचे दाते टोकदार. फुलाच्या बुडाशी हिरव्या खवल्यांची जी वाटी असते ती कॅनडेन्सिसची जेमतेम २ ते ३ मिलिमीटर, अल्टिसिमाची ३-४ कडे जाते, म्हणजे भिंग आणि पट्टी दोन्ही लागतं. गुणसूत्रंही वेगळी, कॅनडेन्सिसची १८ आणि पूर्वेकडच्या अल्टिसिमाची ५४, पण ते रानात उभं राहून कोण मोजणार. बरेच तज्ज्ञ पूर्वी दोघींना एकच जात मानायचे, त्यामुळे जुन्या पुस्तकात कॅनडेन्सिस लिहिलेलं असलं तरी ती अल्टिसिमा असू शकते. जपानमध्ये उपद्रवी तण म्हणून पसरलेली उंच गोल्डनरॉड ही अल्टिसिमाच.

एक मदत किड्यांकडून मिळते. खोडाच्या मध्यावर गोटीएवढी गोल गाठ दिसली तर ती युरोस्टा नावाच्या माशीच्या अळीची, आणि ही माशी मुख्यतः अल्टिसिमा आणि जायगँटियावरच अंडी घालते. अळी हिवाळाभर गाठीतच राहते, सुतार पक्षी भोक पाडून ती खातात. गाठ दिसली की लवेवरून दोघींतली एक ठरवायची, बस.

शिंकांचं खापर मात्र गोल्डनरॉडवर फोडू नका. अमेरिकेत सप्टेंबरात नाक गळायला लागलं की लोक या पिवळ्या फुलांकडे बोट दाखवतात, पण हिचे परागकण जड आणि चिकट, ते मधमाश्या नेतात, वाऱ्यावर फारसे उडतच नाहीत. दोषी असतं त्याच दिवसात फुलणारं रॅगवीड, हिरव्या बारीक फुलांचं, कुणाच्या नजरेत न येणारं, आपल्या गाजर गवताचं जवळचं नातेवाईक.

फोटोवरून ओळखून घ्यायचं असेल तर नुसता तुऱ्याचा फोटो कितीही झकास आला तरी उपयोग नाही. खोडाचा मधला भाग, पानाची खालची बाजू आणि मुळाजवळचा भाग, एवढे तीन क्लोजअप काढा, आणि आजूबाजूची जमीन ओली होती की कोरडी हे लिहून ठेवा. हे असूनही त्या तिघींपैकी कोणती ते ठरत नसेल तर कॅनडेन्सिस गट एवढंच लिहिलेलं चालतं, तज्ज्ञही तेच करतात.