बयाणा अडकला? नागपुरात परत कसा मागायचा

बेसा-मनीषनगरकडे प्लॉट पाहिला, दोन लाख विसार म्हणजे बयाणा दिला, मग बँकेने सांगितलं आरएल लेटरच (प्लॉट नियमित असल्याचं सरकारी पत्र) नाही, लोन होत नाही. आता विकणारा म्हणतो "बयाणा बुडाला भाऊ, नियमच आहे तसा". असा सरसकट नियम कुठंच नाही. आधी विसारपावती काढा अन् वाचा, सौदा कोणामुळे मोडला आणि पावतीत विसार जप्त करायची अट आहे का, सगळं त्यावरच ठरतं. "कागद क्लिअर" असं लिहून दिलं आणि निघाले नाहीत तर तुमची बाजू भक्कम, पण आपलंच मन बदललं आणि अटही लिहिलेली आहे तर अवघड आहे, खोटं कशाला सांगू.

प्रोजेक्ट किंवा लेआउट रेरात (रिअल इस्टेट कायद्याखाली) नोंदलेला असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, पोर्टलवर तक्रार टाका, फी 5000 रुपये. रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांच्या वर पैसे घेताच येत नाहीत (कलम 13), आणि ठरल्या तारखेला ताबा नाही मिळाला तर व्याजासकट रिफंड मागता येतो (कलम 18). बुकिंग आपण कॅन्सल केलं तरी महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरात 15 दिवसांपर्यंत कपात शून्य, दोन महिन्यांनंतरही किमतीच्या 2 टक्केच.

एखाद्या माणसाकडून रीसेल घेत असाल तर रेरा नाही. मग वकिलाची नोटीस, उत्तर नाही आलं तर सिव्हिल कोर्टात दावा, मुदत साधारण तीन वर्षं, म्हणून "पुढच्या महिन्यात देतो"वर बसून राहू नका. दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज देऊन लोकअदालतीत तडजोड करून पाहा, तिथं कोर्ट फी लागत नाही.

कागद म्हणजे विसारपावती, बँक स्टेटमेंट, सातबारा किंवा आखीव पत्रिका, लोन नाकारल्याचं पत्र, नोटीस आणि तिची पोस्टाची पावती. माझ्या मामेभावाची पावती वहीच्या पानावर होती, रेव्हेन्यू तिकीट लावलेलं पण प्लॉट नंबरच नाही! वाचवलं ते बँकेच्या एंट्रीने आणि विकणाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजने, "दिवाळीनंतर तुमचे दोन लाख देतो". चॅट डिलीट करू नका बाप्पा.

आणि कॅश दिली असेल तर घाबरू नका, प्रॉपर्टीसाठी 20,000 किंवा त्याच्या वर कॅश घेतली तर इन्कम टॅक्सचा दंड घेणाऱ्याला बसतो.