मोमेंट ऑफ इनर्शियातला तो आर स्क्वेअर आला कुठून?

बारावीच्या फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स, आणि आमच्या विदर्भातल्या खेड्यापाड्यातले अर्धे पोट्टे तिथंच धास्ती घेतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोरगं सायन्सला गेलं की सगळं एकदम इंग्रजीत, त्यात हे इंटिग्रेशन. मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे वस्तू फिरवायला किती अडते त्याचं माप; एम म्हणजे वस्तुमान, आर म्हणजे त्रिज्या. रिंगचा एम आर स्क्वेअर, डिस्कचा त्याच्या अर्धा, भरीव गोळ्याचा दोन पंचमांश, पाठ करा अन् पुढं चला. पण आर स्क्वेअरच काहून, नुसता आर काहून नाही, हे कोणी सांगत नाही. मला तरी वाटते याचं उत्तर इतिहासातून लवकर कळते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात गॅलिलिओपासून धरू. उतारावरून गोळे सोडून त्यानं पडण्याचा नियम काढला, १६३८ च्या पुस्तकात तो आहे. आता गोळा नुसता घसरत नाही, फिरतही असतो, म्हणून त्याचं अ‍ॅक्सिलरेशन घसरणाऱ्या वस्तूच्या पाच सप्तमांशच भरते. गॅलिलिओनं फिरण्याचा हिशोब धरला नव्हता, तरी अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढते हा नियम बरोबरच निघाला, कारण पाच सप्तमांश हा आकडा सगळ्या उतारभर तोच राहते.

खरा प्रश्न पुढं आला लंबकातून. मर्सेन नावाचा फ्रेंच पाद्री होता, त्या काळातल्या सगळ्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार. त्यानं विचारलं की दोरीला बांधलेला छोटा गोळा किती वेळात झुलतो हे ठीक, पण अख्खा दांडाच एका टोकाला टांगला तर तो किती लांबीच्या दोरीबरोबर झुलेल? दांड्याचा वरचा भाग लवकर झुलू पाहते, खालचा हळू, आणि दोघं एकाच लोखंडात अडकलेले, मग मधला तोडगा काय निघते? हा प्रश्न क्रिस्टियान ह्यूजेन्स या डच शास्त्रज्ञाकडे गेला तेव्हा त्यानं विशीही गाठली नव्हती. तेव्हा त्याला जमलं नाही. पुढं १६५६ मध्ये त्यानं लंबकाचं घड्याळ बनवलं, मग तर हा प्रश्न सोडून चालणारच नव्हतं, आणि १६७३ च्या पुस्तकात त्यानं पूर्ण उत्तर छापलं.

त्याची युक्ती मला आजही या अख्ख्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. तो म्हणते, दांडा झुलत एकदम खाली आला की त्या क्षणी त्याचे कण सुटे झाले अन् प्रत्येक कण आपापल्या वेगानं सरळ वर गेला असं समजा. सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य जितका खाली उतरला होता तितकाच वर चढेल, जास्त नाही. आता खिळ्यापासून दुप्पट दूर असलेल्या कणाचा वेग दुप्पट, आणि दुप्पट वेगानं वर फेकलेली वस्तू चौपट उंच जाते. झालं, आर स्क्वेअर आला! प्रत्येक कणाचं वजन गुणिले अंतराचा वर्ग, सगळ्यांची बेरीज.

हे घरी करून पाहता येते. ९० सेंटीमीटरची सरळ सळई घ्या, एका टोकाला खिळ्यावर सैल टांगा, शेजारी दोरीला एक जड नट बांधा, नटाच्या मध्यापर्यंत दोरी ६० सेंटीमीटर. दोन्ही थोडेसेच बाजूला ओढून सोबत सोडा. सोबतच झुलतात, कारण सारख्या जाडीच्या दांड्यासाठी ह्यूजेन्सचं उत्तर बरोबर दोन तृतीयांश येते. वर्गात हे पाच मिनिटं दाखवलं तर फळ्यावरचं इंटिग्रेशन पोरांना परकं वाटत नाही.

गंमत अशी की ह्यूजेन्सनं या बेरजेला नावच दिलं नव्हतं. मोमेंट ऑफ इनर्शिया हे नाव दिलं लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञानं, १७६५ मध्ये, म्हणजे ९२ वर्षांनी. सरळ चालीत वस्तुमान जे काम करते तेच फिरण्यात ही बेरीज करते हे त्यानं स्वच्छ मांडलं. मधे १७५५ ला सेग्नर नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं होतं की वस्तू कितीही वेडीवाकडी असो, एकमेकींना काटकोनात असलेले तीन अक्ष असे सापडतातच ज्यांच्याभोवती ती न डगमगता फिरू शकते.

मग इंजिनं आली, अन् १७८० च्या दशकात जेम्स वॅटच्या फिरत्या वाफेच्या इंजिनावर मोठालं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, बसलं. तेच आपल्याकडं गोठ्यात पाहायचं तर हातानं फिरवायची कडबा कुट्टीची मशीन पाहा. चाकाचं बहुतेक लोखंड कडेला, मधे नुसते आरे, अन् पाती त्या आऱ्यांवर बसवलेली. पातं ज्वारीच्या कडब्याच्या पेंडीत घुसते तेवढ्यापुरताच जोर लागते, तो हातानं नाही तर फिरत्या कडेनं दिलेला असते. तेवढंच लोखंड सपाट तव्यासारखं पसरवलं असतं तर मोमेंट अर्ध्यावर आला असता आणि प्रत्येक पात्याला हात अडखळला असता.

आणि हीच बेरीज पृथ्वीच्या पोटातलंही सांगते. आतून-बाहेरून सारखा गोळा असेल तर एम आर स्क्वेअरच्या मागं ०.४ येते, तोच आपला दोन पंचमांश. पृथ्वीच्या अक्षाचं डोलणं आणि उपग्रहांच्या कक्षा यावरून काढलं तर पृथ्वीसाठी येते साधारण ०.३३. म्हणजे जड माल मधे गोळा झालेला आहे, लोखंडाचा गाभा. चंद्राचा आकडा ०.३९ च्या वर आहे, म्हणून त्याचा गाभा अगदी लहानसा असला पाहिजे.