पक्षांतरबंदी कायदा

संसदेचा किंवा राज्य विधिमंडळाचा सदस्य आपला पक्ष सोडून दुसरीकडे गेला, किंवा पक्षादेश झुगारून त्याने सभागृहात मतदान केले, तर त्याचे सदस्यत्व रद्द करणारी भारतीय संविधानातील तरतूद ‘पक्षांतरबंदी कायदा’ या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्षात हा स्वतंत्र अधिनियम नाही. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने संविधानाला जोडलेली दहावी अनुसूची म्हणजेच हा कायदा होय. या अनुसूचीत पक्षांतराची व्याख्या कुठेही केलेली नाही, केवळ कोणत्या कृतींमुळे सदस्य अपात्र ठरतो एवढेच सांगितले आहे. गेल्या चार दशकांतले बहुतेक वाद मात्र कृती कोणती यापेक्षा तिचा निर्णय कोणी आणि किती दिवसांत करायचा, याभोवतीच फिरत राहिले आहेत.

१९६७च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले किंवा काठावर आले आणि एकेका आमदाराचे मोल वाढले. हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग मराठीसह बहुतेक भारतीय भाषांत रुळला. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होते. समितीचा अहवाल १९६९ साली संसदेपुढे आला. त्यातला एक हिशेब आजही उद्धृत केला जातो. सात राज्यांतल्या २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जणांना, त्यांच्याच पक्षांतरातून उभ्या राहिलेल्या मंत्रिमंडळांत मंत्रिपद मिळाले होते. म्हणजे निम्म्याहून अधिक जणांच्या मतपरिवर्तनाला खुर्चीची जोड होती. पक्षांतर हा तत्त्वाचा प्रश्न आहे की व्यवहाराचा, या चर्चेत एवढा बोलका पुरावा नंतर क्वचितच पुढे आला.

तरीही कायदा व्हायला आणखी १६ वर्षे लागली. १९७३ आणि १९७८ साली मांडलेली घटनादुरुस्ती विधेयके तडीस गेली नाहीत. १९७८च्याच जुलैत महाराष्ट्रात शरद पवार यांनी काँग्रेसच्या आमदारांचा एक गट घेऊन वसंतदादा पाटील यांचे सरकार पाडले आणि पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. तेव्हा त्यांना अडवणारा कोणताही कायदा नव्हता. १९८४च्या निवडणुकीत प्रचंड बहुमत मिळालेल्या राजीव गांधी सरकारने जानेवारी १९८५च्या अखेरीस दोन्ही सभागृहांत लागोपाठच्या दोन दिवसांत विधेयक संमत करून घेतले आणि १ मार्च १९८५ पासून दहावी अनुसूची अमलात आली.

अनुसूचीनुसार सदस्याने ‘स्वेच्छेने’ पक्षाचे सदस्यत्व सोडले, किंवा पक्षाने काढलेल्या पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मतदान केले अथवा तो गैरहजर राहिला, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही, तर तो अपात्र ठरतो. अपक्ष म्हणून निवडून आलेल्याला नंतर कोणत्याही पक्षात जाता येत नाही. नामनियुक्त सदस्याला मात्र सहा महिन्यांची मुभा असते. मूळ मसुद्यात दोन पळवाटा होत्या. विधिमंडळ पक्षाचे एकतृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानली जाई, आणि दोनतृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात जाण्यास तयार झाले तर ते ‘विलीनीकरण’. एकाने पक्ष सोडला तर गुन्हा आणि दहांनी सोडला तर तत्त्व, किरकोळ विक्री बंद आणि घाऊक बाजार खुला, ही टीका पहिल्या दिवसापासून होत आली. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने फुटीची पळवाट बुजवली. मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित करून, आणि पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद नाकारून, तिने चव्हाण समितीने दाखवलेल्या रोगाच्या मुळाशी हात घातला. उत्तर प्रदेशात १९९७ साली नव्वदहून अधिक मंत्र्यांचे मंत्रिमंडळ उभे राहिल्याचा अनुभव तेव्हा ताजा होता. विलीनीकरणाचे दार मात्र तसेच राहिले.

या रचनेचे नाजूक अंग म्हणजे निर्णयाचा अधिकार. तो सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्याकडे आहे. (महाराष्ट्रात विधानसभेच्या पीठासीन अधिकाऱ्यास ‘अध्यक्ष’ आणि विधान परिषदेच्या ‘सभापती’ म्हणतात, तर गोव्यात विधानसभेच्या प्रमुखासच ‘सभापती’ म्हणण्याचा प्रघात आहे, दोन राज्यांच्या बातम्या शेजारी ठेवून वाचताना यामुळे गोंधळ होतो.) अनुसूचीच्या सातव्या परिच्छेदाने न्यायालयांना या निर्णयांत लक्ष घालण्यास मनाई केली होती. ‘किहोटो होलोहान’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९९२ साली हा परिच्छेद रद्द ठरवला, कारण न्यायालयांचे अधिकार कमी करणाऱ्या दुरुस्तीला निम्म्या राज्यांची संमती लागते आणि ती घेतलेली नव्हती. उरलेली अनुसूची तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने टिकली. अध्यक्ष अपात्रतेचा निर्णय करताना न्यायाधिकरण म्हणून काम करतो, म्हणून त्याच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, परंतु ती निर्णयानंतर, असे बहुमताने म्हटले. ललित मोहन शर्मा आणि जे. एस. वर्मा यांच्या अल्पमताचा आक्षेप वेगळा होता. ज्याचे पद सभागृहातल्या बहुमताच्या मर्जीवर टिकते, त्याला स्वतंत्र निवाडाकार मानताच येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या तीस वर्षांचा इतिहास पाहता अल्पमताची बाजू अधिक दूरदृष्टीची ठरली, असे म्हणावे लागते.

गोव्याने या कायद्याला आरंभीच्या काळातली सर्वांत महत्त्वाची प्रकरणे पुरवली. चाळीस सदस्यांच्या सभागृहात दोनचार जण इकडचे तिकडे झाले की सरकार बदलते. १९९० साली तर काँग्रेसमधून फुटलेले सभापती लुईस प्रोतो बार्बोझा स्वतःच मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे बांदेकर आणि चोपडेकर हे दोन आमदार बार्बोझा यांच्या पाठिंब्यासाठी त्यांच्यासोबत राज्यपालांकडे गेले होते. आपण पक्षाचा राजीनामा दिलेलाच नाही, असा त्यांचा बचाव होता. १९९४ साली ‘रवी नाईक’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. सदस्यत्व स्वेच्छेने सोडणे म्हणजे केवळ लेखी राजीनामा नव्हे, ते आचरणावरूनही ठरू शकते, हे तत्त्व तेव्हापासून प्रत्येक अपात्रता याचिकेत पहिल्या पानावर असते.

न्यायालयीन तपासणी निर्णयानंतरच होणार असेल, तर निर्णयच न देणे हे सर्वांत सोयीचे शस्त्र ठरते. उत्तर प्रदेशात २००३ साली बहुजन समाज पक्षातून बाहेर पडलेल्या १३ आमदारांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००७ मध्ये अपात्र ठरवले, तेव्हा विधानसभेची मुदत संपायला काही आठवडेच उरले होते. मणिपूरमध्ये २०१७ साली काँग्रेसच्या तिकिटावर निवडून येऊन लगेच भाजप सरकारात मंत्री झालेल्या एका आमदाराविरुद्धची याचिका तशीच पडून राहिली. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने अशा याचिका साधारणपणे तीन महिन्यांत निकाली काढाव्यात असे सांगितले, अध्यक्षांऐवजी निवृत्त न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखाली कायमस्वरूपी न्यायाधिकरण नेमण्याचा विचार संसदेने करावा असे सुचवले, आणि पुढे मार्चमध्ये त्या मंत्र्याला सभागृहात प्रवेशही नाकारला. कर्नाटकात २०१९ साली आमदारांनी तिसरी वाट शोधली, ती राजीनाम्याची. बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाडचे आमदार श्रीमंत बाळासाहेब पाटील ऐन विश्वासमतावेळी मुंबईत रुग्णालयात होते, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्याच नावाने ओळखला गेला. न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण विधानसभेच्या उर्वरित मुदतीत निवडणूक लढवण्यास घातलेली बंदी रद्द केली. पाटील पोटनिवडणूक जिंकून मंत्री झाले.

महाराष्ट्रातील २०२२चे प्रकरण या सर्व गाठी एका जागी आणणारे आहे. २० जून २०२२ च्या रात्री एकनाथ शिंदे शिवसेनेच्या काही आमदारांसह सुरतेला आणि तेथून गुवाहाटीला गेले. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे तिथून फोनवर केलेले ‘काय झाडी, काय डोंगर, काय हाटील’ हे वर्णन गावोगाव पोचले, आणि विरोधकांची ‘पन्नास खोके’ ही घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवर घुमली; पैसे घेऊन पक्ष फोडल्याचा या घोषणेतला आरोप शिंदे गटाने फेटाळला. उपाध्यक्ष नरहरी झिरवळ यांनी १६ आमदारांना नोटिसा काढल्या, पण त्यांच्याविरुद्धच पदच्युतीची सूचना आलेली असल्याने त्यांचा अधिकार वादात सापडला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बहुमत चाचणीचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती नाकारली आणि २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला.

अखेर ५५ पैकी ४० आमदार शिंदे यांच्याकडे होते, म्हणजे दोनतृतीयांशाहून अधिक. तरीही त्यांनी विलीनीकरणाचा आधार घेतला नाही, कारण त्यासाठी दुसऱ्या पक्षात जावे लागले असते आणि शिवसेना हे नाव सोडावे लागले असते. त्यांचा दावा ‘आम्हीच मूळ पक्ष’ असा होता. ११ मे २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने एकमताने दिलेल्या निकालात राज्यपालांचा बहुमत चाचणीचा निर्णय असमर्थनीय ठरवला, पक्षांतर्गत वाद सोडवण्याचे ते साधन नाही असे म्हटले, आणि प्रतोद, म्हणजे व्हिप बजावणारा सदस्य, नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, म्हणून भरत गोगावले यांची प्रतोद म्हणून मान्यता बेकायदा ठरवली. एवढे सगळे ठाकरे यांच्या बाजूने म्हणूनही त्यांना सत्ता परत देणे शक्य नाही, कारण त्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला, असा निष्कर्ष निघाला. दोन्ही बाजूंनी त्या संध्याकाळी विजय साजरा केला, तो या निकालाच्या स्वरूपाला धरूनच होता.

अपात्रतेचा प्रश्न न्यायालयाने अध्यक्ष राहुल नार्वेकर यांच्याकडे सोपवला. दिरंगाईबद्दल त्यांना न्यायालयाने सुनावले, मुदत घालून दिली, आणि १० जानेवारी २०२४ रोजी त्यांनी निकाल वाचला. निवडणूक आयोगाकडे नोंद असलेली १९९९ची पक्षघटना प्रमाण मानून आणि विधिमंडळातील बहुमताला निर्णायक वजन देऊन त्यांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली, आणि कोणत्याही बाजूच्या एकाही आमदाराला अपात्र केले नाही. पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीत अजित पवार गटाच्या बाजूने असाच निकाल आला. रद्द झालेली ‘फूट’ अशा रीतीने दुसऱ्या नावाने परत आली, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. पक्ष म्हणजे त्याचे निवडून आलेले प्रतिनिधी नव्हेत तर काय, असा समर्थकांचा प्रतिप्रश्न. नार्वेकरांच्या निकालाविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी विधानसभा निवडून आली. दिरंगाईचा दोष केवळ अध्यक्षांच्या माथी मारता येत नाही, तो असा.

विलीनीकरणाच्या दाराचा सर्वाधिक वापर पुन्हा गोव्यातच झाला. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८; दोन्ही वेळा कायद्याला लागतात तेवढेच, एकही जास्त नाही. मूळ पक्ष विलीन झालेला नसतानाही आमदारांचे विलीनीकरण पुरेसे आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिल्या घटनेबाबत ठरवले होते. त्याच्या महिनाभर आधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. त्या शपथेबद्दल विचारले असता, पक्षांतर केलेले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी आपण देवाला पुन्हा विचारल्याचे आणि योग्य वाटेल ते कर असा कौल मिळाल्याचे सांगितले.

सुधारणेच्या शिफारशींची मात्र कधीच वाण नव्हती. १९९०च्या दिनेश गोस्वामी समितीने आणि शासनातील नीतिमत्तेवरील २००७च्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या अहवालाने निर्णयाचा अधिकार निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राष्ट्रपती व राज्यपालांकडे द्यावा, असे सुचवले. विधि आयोगाने १९९९ साली फूट आणि विलीनीकरण हे दोन्ही अपवाद काढून टाकण्याची शिफारस केली. व्हिपचा धाक केवळ विश्वासमतापुरता आणि अर्थविषयक मतदानापुरता ठेवावा, म्हणजे इतर विधेयकांवर सदस्याला आपले मत राहील, हा दुसरा प्रवाह आहे; खासदार मनीष तिवारी यांनी त्यासाठी खासगी विधेयके आणली. अध्यक्षाविना हा कायदा चालूच शकत नाही असेही नाही. महाराष्ट्रात महानगरपालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांच्या सदस्यांसाठी १९८६चा स्वतंत्र अनर्हता अधिनियम आहे, आणि त्यात निर्णय महापौर किंवा नगराध्यक्षाकडे न देता विभागीय आयुक्त वा जिल्हाधिकाऱ्याकडे दिलेला आहे. नगरसेवकाचा निवाडा त्याच्या सभागृहाबाहेरचा अधिकारी करतो आणि आमदाराचा मात्र त्याच्याच सभागृहातला बहुमताचा माणूस, ही विसंगती चर्चेत फारशी येत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत भरलेल्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेत लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी दहाव्या अनुसूचीच्या फेरविचारासाठी समिती जाहीर केली आणि तिचे अध्यक्षपद नार्वेकर यांच्याकडे दिले. नार्वेकर स्वतः शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस असा प्रवास करून भाजपमध्ये आलेले आहेत. ३१ जुलै २०२५ रोजी तेलंगणातील दहा आमदारांच्या प्रकरणात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तेथील अध्यक्षांना तीन महिन्यांची मुदत दिली आणि अध्यक्षांकडे हा अधिकार ठेवल्याने हेतू साध्य होतो का, याचा संसदेने विचार करावा असे नमूद केले. १९९२ च्या अल्पमताने उपस्थित केलेला प्रश्न नेमका हाच होता.