क्वार्टरबॅकांची क्रमवारी: मोजपट्टी कशी बदलत गेली

अमेरिकन फुटबॉलमध्ये टॉम ब्रेडीने सात सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले, तरी सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, कोण हा वाद काही मिटला नाही. कारण वादाचं मूळ मोजपट्टीत आहे. आज ज्या आकड्यांवरून भांडण होतं, त्यातले बरेचसे एकाच हंगामाचा मानकरी ठरवण्यासाठी जन्मले होते. पन्नास-साठ वर्षांच्या काळातल्या खेळाडूंना एका रांगेत उभं करण्याचं काम त्यांच्यावर नंतर लादलं गेलं.

एनएफएलने (अमेरिकेतल्या या खेळाच्या व्यावसायिक लीगने) १९३२ मध्ये अधिकृत आकडेवारी ठेवायला सुरुवात केली. १९३७ पर्यंत ज्याचे पासिंगचे यार्ड (पासांतून पुढे नेलेलं अंतर) जास्त, तो पहिला. १९३८ ते १९४० पूर्ण झालेल्या, म्हणजे सहकाऱ्याने झेललेल्या, पासांची टक्केवारी पाहिली गेली. पन्नासच्या दशकात दर पासमागचे सरासरी यार्ड हा निकष आला आणि १९५७ मध्ये त्याची फजिती झाली. क्लीव्हलँडच्या टॉमी ओकॉनेलने हंगामभरात अवघे ११० पास टाकले, १,२२९ यार्ड मिळवले आणि ११.२ च्या सरासरीवर तो पहिला आला. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉनी युनायटसचे २,५५० यार्ड आणि २४ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणारे पास) होते.

साठच्या दशकात बराच काळ चार निकषांत प्रत्येकाचा क्रमांक काढून बेरीज करायचे. यात आपला क्रमांक दुसऱ्यांच्या कामगिरीवर हलायचा, आणि १९६३ ची १९६९ शी तुलना करायची सोयच नव्हती. आयुक्त पीट रोझेल यांनी १९७१ मध्ये नवी पद्धत मागितली. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमचे डॉन स्मिथ यांनी ती बांधली आणि १९७३ पासून लागू झाली. हेच आजचं पासर रेटिंग.

त्याचे चार घटक आहेत. ५० टक्के पास पूर्ण, दर पासमागे ७ यार्ड, ५ टक्के टचडाउन आणि ५.५ टक्के इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) ही तेव्हाची सरासरी धरून प्रत्येकाला १ गुण. कुठल्याही घटकात शून्याखाली किंवा २.३७५ च्या वर जाता येत नाही. बेरजेला ६ ने भागून १०० ने गुणायचं. सगळीकडे सरासरी असेल तर ६६.७ आणि कमाल १५८.३. एक सामना घ्या: ३० पैकी २० पास पूर्ण, २४० यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन. घटक येतात १.८३, १.२५, १.३३ आणि १.५४, म्हणजे रेटिंग ९९.३.

सूत्र उलगडलं की आतले दर दिसतात. पूर्ण झालेल्या एका पासला २० यार्डांचं मोल, टचडाउनला ८०, इंटरसेप्शनला उणे १००. म्हणजे मागे ५ यार्ड गमावणारा पूर्ण पाससुद्धा अपूर्ण पासापेक्षा रेटिंगला भारी! सॅकची, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं जाण्याची, तर दखलच नाही. वरच्या सामन्यात तो क्वार्टरबॅक सहा वेळा चेंडू हातात धरून ४५ यार्ड मागे आपटला गेला, तरी ९९.३ चं ९९.३ च. पायांनी मिळवलेले यार्डही यात येत नाहीत.

म्हणून अभ्यासकांनी दर पासमागे निव्वळ सुधारित यार्ड हा हिशेब पुढे आणला: यार्ड, अधिक टचडाउनला २०, उणे इंटरसेप्शनला ४५, उणे सॅकमध्ये गेलेले यार्ड, भागिले पास अधिक सॅक. तोच सामना सॅकशिवाय ७.८ देतो, सहा सॅकनंतर ५.३. कागद-पेन्सिलीने करण्यासारखं यापेक्षा चांगलं साधन नाही. ईएसपीएन या क्रीडावाहिनीचं २०११ चं क्यूबीआर हे रेटिंग प्रत्येक डावपेचाची परिस्थिती आणि धावाही मोजतं, पण ते २००६ पासूनच्याच हंगामांना लागू आहे. त्याआधी खेळलेले जो मोंटाना आणि युनायटस त्यात बसतच नाहीत.

खरी अडचण काळाची. १९७८ मध्ये रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) पाच यार्डांपलीकडे ढकलायला बंदी आली आणि आपल्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात पुढे पसरायची मुभा मिळाली. हंगामही १४ वरून १६ सामन्यांचा झाला, २०२१ पासून १७. रेटिंगची लीग-सरासरी १९७३ मध्ये ६५ च्या आसपास होती, आता ती ९० च्या घरात आहे. क्वार्टरबॅक जो नेमथचं कारकिर्दीतलं ६५.५ आज संघाबाहेर बसवेल असं आहे, पण त्याच्या काळात ते साधारण सरासरी होतं. गावसकरांच्या स्ट्राइक रेटला टी-२० ची फूटपट्टी लावण्यातला हा प्रकार.

उपाय सोपा: खेळाडूचा आकडा वजा त्या हंगामाची लीग-सरासरी, भागिले प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), गुणिले १५, अधिक १००. मग १०० म्हणजे आपल्या काळातला सरासरी माणूस. पण लीग लहान किंवा दुबळी असली की हेही फसतं. १९४३ मध्ये शिकागोच्या सिड लकमनने २०२ पासांत २८ टचडाउन केले, तेव्हा महायुद्धामुळे पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फियाला मिळून एकच संघ उतरवावा लागला होता.

राहिली विजेतेपदं. माझ्या मते ती शेवटी मोजावीत, दोघे बाकी सगळ्यांत बरोबरीला आले तर. बाल्टिमोरने २००० च्या हंगामात १६ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना फक्त १६५ गुण दिले आणि त्यांचा क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फरला विजेतेपदाची अंगठी मिळाली. पेटन मॅनिंगने २०१५ मध्ये ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शनवर विजेतेपद मिळवलं. शिवाय सुपर बोल जानेवारी १९६७ पासूनचा. नुसते तेच मोजले तर त्याआधीच्या दहा हंगामांत दहा अंतिम सामने खेळून सात जिंकलेल्या ऑटो ग्रॅहमच्या नावावर शून्य उरतं. शंभराव्या हंगामानिमित्त २०१९ मध्ये निवड समितीने दहा क्वार्टरबॅक निवडले. एकही विजेतेपद नसलेला डॅन मरीनो त्यात आहे आणि पाच विजेतेपदांचा बार्ट स्टार नाही. त्या दहांना आपसांत क्रमांक समितीनेही दिले नाहीत.